घणमावशीचा खडा

लोखंड ओतायच्या फाउंड्रीत तिला सगळे घणमावशी म्हणत. साच्यातून निघालेल्या लोखंडी भागांच्या जादा कडा घणाने फोडायचं काम ती एकोणीस वर्षं करत होती. पाळीभर घामाने निथळायची, पण पाणी दोन घोटांपलीकडे प्यायची नाही. बायकांच्या संडासाला कुलूप, किल्ली मुकादमाच्या खिशात. मागायला गेलं की तो सगळ्यांसमोर विचारी, "पुन्हा? नळ गळतोय का?" त्यापेक्षा तहान मारलेली बरी, असं तिथल्या सहाही जणींनी ठरवून टाकलं होतं.

एका सकाळी तिने घण उचलला आणि उजव्या कुशीत कुणी सुरा खुपसून फिरवावा तशी कळ आली. ती जमिनीवर पडली, गुरासारखी ओरडली, ओकली. मुकादमाने येऊन बुटाने तिचा पाय डिवचला. "ऊठ, नाटकं पुरे."

ती उठली. उठता उठता तिने त्याची गचांडी धरली आणि डोक्याची धडक देऊन त्याचं नाक फोडलं. तो कोसळला, उठला आणि तिच्या तोंडावर ठोसा हाणला. तिचा दात ओठात घुसला. बायका मध्ये पडेपर्यंत तिने घण डोक्यावर उचलला होता आणि मुकादम भिंतीला टेकून खाली सरकत होता.

"मावशी, नको!"

घण त्याच्या कानाजवळून गेला आणि शेजारच्या संडासाच्या कुलपावर बसला. तिसऱ्या घावाला कडीसकट दार निखळलं. आत जाऊन ती बसली, तर लघवी लालभडक.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. मूत्रनलिकेत पाच मिलिमीटरचा खडा अडकला होता.

"कापावं लागेल?" नवऱ्याने विचारलं.

"एवढासा खडा बहुतेकदा आपणहून पडतो. कळ थांबायला गोळी, नळी सैल पडायला दुसरी. लघवी गाळून बघा, खडा सापडला तर घेऊन या. पण थंडी-ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर तासभरही थांबू नका."

पुढचे आठ दिवस घरात लढाई होती. कळ आली की ती टॉवेल चावायची, दिसेल ते भिंतीवर भिरकावायची. नवऱ्याने पाठ चोळायला हात लावला, तर तिने कोपराने त्याची बरगडी दुखावली. तो म्हणाला, "मार, पण चहाची गाळणी तेवढी या कामाला घेऊ नकोस."

नवव्या दिवशी जुन्या फडक्यात खडा सापडला, करडा, काटेरी. तपासणीत तो कॅल्शियमचा निघाला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "लघवी पाण्यासारखी फिकी राहील एवढं पाणी प्या. मीठ कमी करा, लिंबू पिळून घ्या. दूध बंद करू नका, तो गैरसमज आहे. नाहीतर दुसरा खडा होईल."

कारखान्याने दोघांनाही महिनाभर घरी बसवलं. तेवढ्या काळात बाकीच्या पाच जणींनी हत्यारं खाली ठेवली आणि संडासाच्या दाराला आतून कडी बसेपर्यंत उचलली नाहीत. मुकादम वाकडं नाक घेऊन परतला. आता तो तिच्याशी बोलत नाही.

तिच्या तोंडून हे सगळं ऐकल्यावर मी तिला विचारलं, त्याला मारल्याचं वाईट वाटतं का?

"नाकाचं नाही," ती म्हणाली. "पण घण खाली आणताना मी त्याच्या टाळूकडेच बघत होते. कुलपाकडे नाही. शेवटच्या क्षणी हात कसा वळला, देव जाणे."

आणि बोलता बोलता तिने पाण्याची अर्धी बाटली संपवली.