पाहुणे उठेपर्यंत

माझी धाकटी बहीण सुलभा गेली, त्याला सात आठवडे झाले. भेटायला आलेल्यांना आम्ही सांगितलं, गांधीलमाशी चावली. ते खोटं नाही. पण माशी चावल्यानंतरही सुलभा जिवंत होती, बोलत होती, माझ्याकडे काहीतरी मागत होती... ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

तिच्या अंगावर लहानपणापासून तपकिरी डाग होते, मसुरीच्या दाण्याएवढे. त्यावर बोट घासलं की मिनिटाभरात गांध उठायची. कसबा बावड्यातल्या आमच्या घरामागं मी गल्लीतली पोरं गोळा करायचो आणि उसाच्या चिपाडानं तिच्या पाठीवर माझं नाव लिहायचो. अक्षरं फुगून वर यायची, पोरं टाळ्या पिटायची. "दादा, लई खाजतंय रं," ती म्हणायची. "गप बस की, अजून आडनाव ऱ्हायलंय." मी तेव्हा अकरा वर्षांचा, ती सहाची.

लांब बाह्यांचा ब्लाउज घालून तिला दाखवली आणि शाहूवाडीकडं दिली. पहिल्याच भातलावणीत पावसानं उघडीप दिली आणि ती उन्हात कोसळली. तोंड लालबुंद, उलट्या, शुद्ध गेलेली. सासू म्हणाली, "लावणी आली की हिचं सोंग सुरू." पुढं सासूला डाग दिसले, मग वेगळं ताट आलं, वेगळं अंथरूण आलं. सुलभा दोनदा निघून आली आणि दोन्ही वेळा मीच तिला परत पोचवून आलो. "सगळ्यांलाच ऊन लागतंय," मी एसटीत तिला म्हणालो होतो. तिसऱ्यांदा त्यांनीच आणून सोडली. नवऱ्यानं दुसरी केली. सुलभानं मंगळवार पेठेत एक खोली घेतली आणि ब्लाउज शिवायला लागली. पुढची वीसेक वर्षं ती चक्कर येऊन पडत राहिली आणि आम्ही 'तिचं नेहमीचंच' म्हणत राहिलो.

पन्नाशीला टेकली तेव्हा एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासलं, हाडातली मज्जा तपासली. निकाल ऐकायला सोबत कुणीतरी हवं, म्हणून मी गेलो. बाई म्हणाल्या, "आपल्या सगळ्यांच्या कातडीत, आतड्यांत मास्ट पेशी असतात. हिस्टामिनसारखी रसायनं त्यांच्यात भरलेली असतात. जंत किंवा विष अंगात शिरलं की त्या ती सोडतात, तिथं सूज येते, शरीर लढायला लागतं. यांच्या अंगात या पेशी फार झाल्यात, आणि त्या क्षुल्लक कारणानंही रिकाम्या होतात. ऊन, घासणं, मनावरचा ताण, एखादी दुखण्यावरची गोळी. गांधीलमाशी चावली तर एकदमच. रक्तदाब काही मिनिटांत कोसळेल."

मी तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. सुलभा सातवी शिकलेली. तिनं एकच विचारलं, "म्हंजे मी सोंग करत न्हवते, न्हवं?"

"नाही," बाई म्हणाल्या. सुलभानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

कोसळणारा रक्तदाब सावरणाऱ्या ॲड्रेनलिनची कुपी आणि सुई तेव्हापासून तिच्या पर्समध्ये असायची. बाईंनी मला शिकवलं होतं. मांडीत टोचायचं, साडीवरनं चालतं, वाट बघायची नाही.

माझ्या मुलीचा साखरपुडा घरीच होता. मुलाकडची माणसं ओसरीत जेवायला बसली होती. मागच्या दारी माशी सुलभाच्या मानेला चावली. ती भिंतीला धरून माझ्यापर्यंत आली. सगळ्यांच्या पर्सा माझ्या बायकोनं कपाटात ठेवल्या होत्या आणि किल्ली माझ्या खिशात होती.

"दादा, माशी चावली. सुई दे."

तिच्या गळ्यावर गांधी उठलेल्या मला दिसत होत्या. व्याही चार हातांवर जिलेबी खात होते. सुलभाचे डाग दिसल्यावर काय झालं होतं ते मला ठाऊक होतं. घरात रोग आहे म्हणतील, पोरीचं ठरलेलं मोडेल, एवढंच डोक्यात आलं.

"पावणं उठूदेत. तवर आत जाऊन पड."

"दादा, न्हाय थांबायचं..."

"पाच मिनटं गं! दरवेळेचंच हाय की तुझं."

ती गेली. मी मठ्ठ्याचा जग घेऊन पंगतीत फिरलो. व्याह्यांना आग्रह केला. आत गेलो तेव्हा ती पलंगाखाली पडली होती, ओठ निळे. मग कपाट उघडलं, सुई टोचली, गाडी काढली. दवाखान्यात विचारलं, किती वेळ झाला? मी म्हणालो, आत्ताच.

बाराव्याला व्याही आले. "घरात तसला काही आजार न्हाय न्हवं?" त्यांनी हळूच विचारलं. मी नाही म्हणालो. सोयरीक टिकली. मुलीला यातलं काही माहीत नाही. हे छापून आलं की ती वाचेल, तिचे सासरचेही वाचतील.

गेल्या आठवड्यात मंगळवार पेठेतली खोली रिकामी करायला गेलो. शिलाई मशीनच्या खणात एक वही सापडली. कशानं त्रास होतो ते लिहून ठेवा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं असणार. प्रत्येक पानावर दोन रकाने: 'काय केलं' आणि 'काय झालं'. 'दुपारी चालत गेले' समोर 'गांधी'. 'वांगं खाल्लं' समोर 'काही नाही'. 'दादा ओरडला' तीन ठिकाणी आहे. एकदा समोर 'पुरळ', दोनदा 'पुरळ, उलटी'.

शेवटच्या पानावर तिनं आदल्या दिवशी लिहिलंय: 'पोरीचा साखरपुडा. तळण, धूर, गर्दी. तरी जाणार.' समोरचा रकाना मोकळा आहे. वही आता माझ्या टेबलावर असते. मी पेन घेऊन बसतो, आणि तो रकाना अजून मोकळाच आहे.