न मेलेल्यांची पोरं

आमच्या नेरूळच्या सोसायटीत झुरळांचं औषध लावायला दर सहा महिन्यांनी एक काका येतात. मूळचे साताऱ्याकडचे. नाव मी कधी विचारलं नाही. तोंडाला रुमाल बांधायचा आणि ओट्याखाली गुडघे टेकून आधी पाच मिनिटं नुसतं बघत राहायचं, ही त्यांची पद्धत.

यंदा त्यांनी वेगळीच ट्यूब काढली. मी म्हटलं, "मागचं औषध चांगलं होतं की, काका."

"हुतं. पर आता त्येला तोंड लावत न्हाईत, ताई. ज्यांना ग्वाड लागलं ती खाऊन मेली. ज्यांना आवडलंच न्हाई ती जगली. आता हायत ती समदी त्येंचीच पोरं. त्येंनाबी ते आवडत न्हाई."

मी भांडी उचलता उचलता थांबले. मी दहावीला विज्ञान शिकवते. त्याच आठवड्यात एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, उत्क्रांती होताना कुणी पाहिलीय का?" मी पुस्तकातल्या जीवाश्माच्या चित्रावर बोट ठेवून वेळ मारून नेली होती.

"अहो काका, हीच तर उत्क्रांती!" मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी रुमाल खाली ओढला. "माकडाचा मानूस झाला म्हनत्यात, ती?"

"म्हणजे... तसंच काहीसं."

"छ्या! ते काय आपल्याला पटत न्हाई. कुनी बघितलंय?"

आणि ते परत ओट्याखाली वाकून बघू लागले.

उद्या त्या मुलीला या काकांबद्दल सांगायचं मी नक्की केलंय. फक्त, "मग काका काय म्हणाले?" असं तिनं विचारलं, तर काय सांगू?