तीन नंबर काका

भोयरकाका जन्मभर हरणाऱ्याला मत देत आले आणि आपण हरलो असं त्यांना एकदाही वाटलं नाही. निवडणूक पार्षदाची, म्हणजे नगरसेवकाची, असो की खासदाराची, पहिले दोन तगडे उमेदवार सोडून ते तिसऱ्याचं बटण दाबत. गुप्त मतदान त्यांना मान्य नव्हतं. बोटावरची शाई वाळायच्या आत टपरीवर चहा पीत कोणाला दिलं ते सांगून मोकळे होत. म्हणून हिंदी मुलखातल्या रांझीच्या आमच्या वस्तीत त्यांना सगळे तीन नंबर काका म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा.

काका तोफांच्या फॅक्टरीत इन्स्पेक्टर होते. तीसेक वर्षं त्यांनी एकेक नग हातात घेऊन तपासला आणि पास किंवा रिजेक्ट एवढंच म्हटलं. रिटायर झाल्यावर अवजारं फॅक्टरीत जमा केली, नजर मात्र घरी घेऊन आले. "दोन नग आले, दोन्हीत खोट निघाली, तर इन्स्पेक्टर काय करते? तिसरा मागवते," असं ते समजावत. तिसरा कधी निवडून येत नाही असं कोणी म्हटलं तर म्हणत, "नग पाहणं माझं काम. तोफ उडवणं नाही." नोटाचं बटण आलं तेव्हा लोकांना वाटलं, चला, काकांची सोय झाली. काका म्हणाले, "नग हातात न घेताच रिजेक्ट करून राहिले तुम्ही. याला कामचोरी म्हणतात."

त्यांच्या एका मताचं कोणाला काही वाटत नसे. पण टपरीवरची दहा-बारा रिटायर मंडळी त्यांना विचारून मत देतात, हे कोणाच्या हिशेबात नव्हतं. निकालाच्या दिवशी काका शहरात कमानिया गेटला जाऊन खव्याची जिलबी आणत. कोणी का जिंकेना, जिलबी ठरलेली. पहिला पुडा आमच्याकडे यायचा, कारण माझे बाबा त्यांचे फॅक्टरीतले सोबती आणि भिंतीला भिंत लागून शेजारी.

मग एका वर्षी बाबांनाच एका पक्षाचं पार्षदाचं तिकीट मिळालं. बाबा पंधरा दिवस वस्तीभर हात जोडत फिरले. ओळखीच्या कुत्र्यालाही त्यांनी नमस्कार केला असेल. फक्त काकांच्या दाराशी गेले नाहीत. आपल्यात घरच्या माणसाकडे मत मागत नाहीत, त्याला परकं केल्यासारखं होतं. तिसरी उमेदवार इस्त्रीचा ठेला लावणारी एक बाई होती. ती काकांकडे दोनदा येऊन गेली.

बाबा नऊ मतांनी हरले. इस्त्रीवालीला एकेचाळीस मतं पडली. संध्याकाळी काका नेहमीप्रमाणे जिलबीचा पुडा घेऊन दारात उभे.

"भोयरभाऊ, तुम्ही पाडलं मला," बाबा म्हणाले.

"ती मतं तुझी होती हे कोणी सांगितलं तुला, वसंता? त्या बाईची होती. तिनं मागितली."

बाबांनी दार लावून घेतलं. पुडा ओट्यावरच राहिला. मलाही काकांचा फार राग आला होता, म्हणून मी तो आत आणला नाही.

आई आणि काकूंचं बोलणं मात्र भिंतीवरून चालूच होतं. आठवड्याभरात काकूंनी आईला सांगितलं, "प्रचार चालू होता तेव्हा तीन दिवस इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते हे. मला रोज पोहे भिजवायला लावून राहिले. वसंता आता येईल, म्हणत. तो आला तर या खेपेला तिसरा नाही, टपरीवाल्यांसकट सगळे त्यालाच देऊ, असं ठरवून बसले होते. चौथ्या दिवशी ते पोहे त्या बाईनं खाल्ले."

आईनं हे जसंच्या तसं बाबांना सांगितलं. "घरच्या माणसाला कोण हात जोडते?" एवढं बोलून बाबा पाच वर्षं काकांशी बोलले नाहीत. दर संक्रांतीला काका भिंतीवर तिळगुळाची वाटी ठेवत. दुसऱ्या दिवशी बाबा रिकामी वाटी तिथेच ठेवत. तिळगूळ सगळा तेच खात.

पुढच्या निवडणुकीत पक्षानं हरलेल्या माणसाला तिकीट दिलं नाही. बाबा चिडून अपक्ष उभे राहिले, म्हणजे आता तिसरे तेच होते. तीन नंबर काकांचं मत तर पक्कं, असं सगळे हसून म्हणाले. बाबा हसले नाहीत. फॉर्म भरला आणि मला सोबत घेऊन सरळ काकांच्या दाराशी गेले. काका तेव्हा अंथरुणाला खिळले होते. काकू म्हणाल्या, "थांबा जरा." दहा मिनिटं दार बंद होतं. उघडलं तेव्हा काका इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते आणि त्यांना धाप लागली होती.

बाबांनी हात जोडले. "भोयरभाऊ, मला मत द्या."

"वस्तीतला उघडा नाला कधी झाकशील?"

"निवडून आलो तर पावसाळ्याच्या आधी."

"लिहून दे."

बाबांनी लिहून दिलं. काकांनी कागद दोनदा वाचला, खिशात ठेवला आणि म्हणाले, "विचार करतो." मग आत वळून म्हणाले, "अगं, पोहे टाक." पोहे खाताना बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि काका काकूंना विचारत होते, "मिरची काहून जास्त टाकली?"

मतदानाच्या आठ दिवस आधी काका गेले. बाबांनी त्या दिवसापासून प्रचार बंद केला.

निकाल लागला. बाबांना अडतीस मतं पडली. पक्षाचा उमेदवार बावीस मतांनी पडला आणि संध्याकाळी त्याचे कार्यकर्ते आमच्या दारात उभे राहिले. "आपने हरवा दिया, भाईसाहब! हमारे वोट काट दिए!"

"वोट आपके कब थे?" बाबा म्हणाले. "माँगने गए थे क्या?"

ते गेल्यावर बाबांनी स्कूटर काढली आणि कमानिया गेटला गेले. परत आले ते जिलबीचा पुडा घेऊन सरळ काकूंच्या दारात.

"काय झालं, वसंतभाऊ?" काकूंनी विचारलं.

"हरलो," बाबा म्हणाले. "एक मत कमी पडलं."