तेरा नंबरचा पाना

रामटेके काकांची आणि माझी ओळख 'टक्' अशा आवाजाने झाली. नागपूरच्या महाल भागातल्या एका लेथच्या दुकानात मी स्वतः बनवलेला एक भाग फेस मारून, म्हणजे लेथवर सपाट करून, घ्यायला गेलो होतो. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेले एक वयस्कर गृहस्थ बाकावर बसले होते. त्यांनी न विचारता माझ्या हातातली वस्तू घेतली, मालकाच्या टेबलावरच्या काचेवर ठेवली आणि एका कोपऱ्यावर बोट दाबलं. टक्. बोट उचललं. पुन्हा टक्.

"हे इनटेक आहे का डुलणारी खुर्ची, गा?"

दुकानातले चारही जण हसले. मी नाही हसलो.

इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या चारही सिलिंडरना हवा वाटून देणारा डबा आणि त्याच्या चार नळ्या. टर्बोच्या गाडीत ही हवा दाबाने आत ढकलली जाते. धरमपेठेतल्या दातांच्या डॉक्टर गौरीताई हौसेने घाटातल्या शर्यतीत गाडी चालवतात. टर्बोचा दाब वाढवल्यावर त्यांच्या गाडीचा मूळचा प्लास्टिकचा मॅनिफोल्ड तडकला. "ॲल्युमिनियमचा मी बनवतो, नागपुरातच बनवतो," असं मी छातीठोकपणे सांगितलं. मी कुठल्या वर्गात शिकलेलो नाही. इंजिनं उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून शिकलो, आणि हे आजही अभिमानाने सांगतो.

पण पहिल्याच फेरीत टर्बोने दाब धरला आणि तिसऱ्या सिलिंडरपाशी फटीतून हवा निसटून शिट्टी वाजू लागली. गौरीताई म्हणाल्या, "प्रमोदभाऊ, गाडी दिली होती, कुकर नाही." मग गंभीर होऊन म्हणाल्या, "शर्यतीला महिना आहे. अजून एकदा करा. नाही जमलं तर गाडी पुण्याला पाठवते." तसं झालं असतं, तर गावभर केलेली माझी बढाई गाडीबरोबरच पुण्याला गेली असती.

त्या दुकानात मी काकांना म्हणालो, "फेस मारला की बसेल."

"आज बसंल. इंजन तापलं की उद्या पुन्हा वाकंल. वेल्डिंग केल्यावर बोल्ट कधी खोलले?"

"लगेच."

"काहून?"

बघायची घाई झाली होती, एवढंच.

काका नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरचे वेल्डर होते. ज्या नळ्यांतून प्रचंड दाबाची वाफ वाहते त्यांचे जोड त्यांनी उभी हयात केले. निवृत्तीनंतरही हात स्थिर होता, पण एका डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. म्हणून त्यांनी स्पष्ट सांगितलं, "जोड तू मारशील. मी बसतो."

आणि ते खरोखर बसले. मे महिन्यात, खापरखेड्याहून बसने, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून, सलग नऊ दिवस. स्कूटरवर आणायला येतो म्हटलं तर म्हणाले, "तुह्या मागं बसण्यापरीस ऊन बरं." पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या वेल्डिंगच्या हेल्मेटची ओरखडे पडलेली काच पाहिली आणि पिशवीतून स्वतःचं हेल्मेट काढून माझ्यापुढे ठेवलं. "डोळे एकदाच भेटते, बाबू." ते हेल्मेट त्यांनी परत घेतलं नाही.

त्यांची शिस्त कडक होती. भंगारातून त्याच इंजिनाचं जुनं हेड, म्हणजे ज्यावर मॅनिफोल्ड बसतो तो भाग, आणायला लावलं. बारा मिलिमीटर जाडीची नवी ॲल्युमिनियमची प्लेट त्यावर सगळ्या बोल्टांनी आवळली आणि मगच नळ्या जोडायला घेतल्या. वेल्डिंगचा एक इंच टाका घालायचा, थांबायचं, मग दुसऱ्या टोकाला एक इंच. मी चुकून सलग दोन इंच गेलो की स्टुलावरून आवाज यायचा, "पळून राहिला का गा? कोणी मागं लागलं?"

नवव्या दिवशी दुपारी शेवटचा टाका पडला. माझा हात तेरा नंबरच्या पान्याकडे गेला. काकांचा हात आधीच तिथे होता. त्यांनी पाना उचलला, रुमालात गुंडाळला, पिशवीत टाकला आणि बसस्टॉपकडे चालू लागले.

"काका, पाना!"

"उद्या आणतो. थंडं होऊ दे. गरम खोललं तं वाकते."

माझ्या गॅरेजमध्ये तेरा नंबरचे आणखी चार पाने होते. ते त्यांनाही दिसत होते. मी एकालाही हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला काका आले, पाना माझ्या हातात दिला. बोल्ट काढले, मॅनिफोल्ड एका सपाट काचेवर ठेवला, कोपरा दाबला. आवाज नाही. मी उडी मारणार तेवढ्यात त्यांनी पिशवीतून पतंगाच्या कागदाच्या सोळा पट्ट्या काढल्या. हेड आणि प्लेटच्या मध्ये त्या सगळीकडे ठेवायच्या, मॅनिफोल्ड हाताने दाबायचा आणि एकेक पट्टी ओढायची. पंधरा धरून बसल्या. सोळावी, तिसऱ्या नळीपाशी, अलगद निघून आली.

गॅस्केट आणि पेस्टने ती फट सहज झाकली गेली असती. मी काकांकडे पाहिलं. काका रस्त्याकडे पाहत होते. मी मॅनिफोल्ड बाकावर घेतला आणि निळा रंग लावून, उंचवटे शोधून, ते खरवडत बसलो. चार तास लागले. सोळावी पट्टी ओढताना फाटली, तेव्हा काका म्हणाले, "चहा सांग."

मग सगळी तोंडं बंद करून, आत दोन किलो दाबाची हवा भरून, मॅनिफोल्ड कूलरच्या टाकीत बुडवला. एक बुडबुडा आला नाही. काकांनी विचारलं, "तुहा नंबर काय?" बॉयलरच्या प्रत्येक जोडाजवळ वेल्डरचा नंबर ठोकलेला असे. "जोड फुटला तं साहेब नळीले नाही, नंबराले बोलावते," असं ते सांगत. मी म्हणालो, "मला कोण नंबर देणार, काका? माझ्याकडे सर्टिफिकेटाचा कागद नाही."

"कागद सोळा होते ना! मार."

मी प्लेटच्या कडेवर सोळा ठोकला. आजही माझा नंबर तोच आहे.

गौरीताई त्या शर्यतीत तिसऱ्या आल्या. मी काकांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "शिट्टी?"

"नाही."

"मंग झालं."

तो धरून आजवर मी असे अकरा मॅनिफोल्ड बनवले. शेवटचा टाका पडला की मी तेरा नंबरचा पाना रुमालात गुंडाळतो, खापरखेड्याला जाऊन काकांच्या हातात देतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागायला जातो. दर खेपेला येताजाता साठेक मिनिटं जातात. गिऱ्हाइकं विचारतात, गॅरेजमधल्या कपाटात ठेवला तर काय बिघडेल? बिघडेल. कपाट मला ओळखतं, ते मला नाही म्हणणार नाही.

काका, आज आपण पंचाहत्तर वर्षांचे झालात. डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं, हे ऐकून बरं वाटलं. बारावा मॅनिफोल्ड सध्या हेडवर आवळलेला आहे, त्याचा पाना आपल्याकडेच आहे, आणि पुढच्याची ऑर्डर कुणीतरी देऊन गेलं आहे. आपली प्रकृती ठणठणीत राहो आणि पाना घ्यायला दारात आपलाच हात पुढे येवो. मी घाईचाच माणूस आहे. उद्या सकाळी पाना मागायला येतो.