शंभर टक्के निकालाची शाळा

नववीचा निकाल लागला त्या दिवशी आमच्या मुख्याध्यापकांनी चार मुलींच्या आईवडिलांना थांबायला सांगितलं. त्यात माझे आईवडील होते. वडील पहिली शिफ्ट अर्धी टाकून, कंपनीच्या निळ्या शर्टावरच आले होते. त्यांना वाटलं, काही बक्षीसबिक्षीस असेल.

"मुलगी वाईट नाही तुमची," मुख्याध्यापक म्हणाले, "पण दहावी तिला झेपणार नाही. दाखला घेऊन जा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा. घरी बसून अभ्यास करेल, बाहेरून परीक्षा देईल. तिच्याच भल्यासाठी सांगतोय."

सतरा नंबर म्हणजे शाळेत न जाता, खासगीरीत्या दहावीला बसणं. ज्यांची शाळा मधेच सुटली, जे कामाला लागले, ज्या बायकांची लग्नं लवकर झाली, अशांसाठी ती सोय आहे. आमच्या शाळेनं तिचं गटार केलं होतं. निकाल बिघडवतील अशी वाटणारी पोरं दहावीच्या दारातच तिकडं ढकलून द्यायची, म्हणजे आत उरलेल्यांचा निकाल दरवर्षी शंभर टक्के. ही युक्ती आमच्या अख्ख्या महाळुंगे गावाला माहीत होती आणि तरी सगळे याच शाळेत प्रवेशासाठी धडपडत होते. आम्हीसुद्धा.

मी नववी पास झाले होते. काठावर, पण पास. आम्ही परभणीकडून इथं आलो तेव्हा मी मराठी शाळेतली. इथं गणित-विज्ञान इंग्रजीतून. त्यात मधली दोन वर्षं शाळा मोबाइलवर भरली आणि घरातला एकच मोबाइल वडिलांबरोबर कंपनीत जायचा. यातलं काहीच मुख्याध्यापकांनी विचारलं नाही.

वडिलांनी हात जोडले. "तुम्ही म्हणाल तसं, सर."

त्या जोडलेल्या हातांचा मला इतका राग आला की मी खिडकीबाहेर बघत राहिले. तेवढ्यात आई बोलली. आई एका कंपनीच्या कँटीनमध्ये भाज्या चिरायला जायची. तिथं ती दिवसभर कुणाशी बोलायची नाही, घरीही कमीच.

"पास झाली ना ती? मग दाखला कामून?"

"ताई, तुम्ही समजून घेत नाही आहात."

"घेतलं की समजून. आमचं लेकरू शाळेतच यिल. तुमाला काढायचंच आसंल तर कागदावर लिवून द्या, पास झालेल्या पोरीला काढलं म्हणून. सहीशिक्क्यासकट द्या."

मुख्याध्यापक हसले, पण लिहून काही दिलं नाही. पुढच्या पालकांना आत बोलवा, एवढंच शिपायाला म्हणाले. बाहेर आल्यावर वडील आईवर भडकले. "सरांना असं बोलतेत का? आता तेच लेकराला तरास देतेल." ते त्यांचं खरं ठरलं.

चौघींपैकी मी एकटी शाळेत राहिले. बाकी तिघींनी त्याच दिवशी दाखले घेतले. त्यातली एक माझी जिवलग मैत्रीण. तिचं घर महाळुंग्यातलं जुनं. शेत कंपनीत गेलं, आता घराच्या पुढच्या अंगाला ते कंत्राटी कामगारांसाठी मेस चालवतात. मी तिच्या घरी धावत गेले तर तिचे वडील म्हणाले, "सर म्हणत्यात तर खरंच आसंल. शिकल्याली मानसं हायती, काय उगा सांगत्याल व्हय?" आणि तिची आई कणीक मळता मळता म्हणाली, "मेसवर हात बी लागंल तिचा." मैत्रीण परातीत पीठ चाळत होती. तिनं मान वर केली नाही.

दहावीत माझी तुकडी बदलली. 'ब' तुकडीला वर्गशिक्षिका कायमच्या नव्हत्या. एक गेल्या की दुसऱ्या यायच्या. शाळा सुटल्यावर जादा तास असायचे, ते फक्त 'अ'साठी. एकदा मी आपली जाऊन मागच्या बाकावर बसले, तर गणिताचे सर फळ्यावरून वळून म्हणाले, "तू कुठं इथं? हे तुझ्या कामाचं नाही." सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी दप्तर उचललं. जिना उतरताना मला रडू यायला हवं होतं, पण माझे दात एकमेकांवर घासत होते, एवढं आठवतं.

मग मी मैत्रिणीच्या मेसमध्ये जायला लागले. दुपारची पंगत उठली की संध्याकाळच्या स्वयंपाकापर्यंत तिथली टेबलं रिकामी असायची. नुकतीच पुसलेली, ओलसर. वहीखाली पेपर अंथरावा लागायचा. बाहेर रस्त्यावर कंटेनर चालू, आत एक्झॉस्ट फॅन चालू. वाचायचं तर ओरडून वाचावं लागायचं. ती ताटं विसळायची आणि मी इतिहासाचे प्रश्न ओरडायचे. ती मोरीतून उत्तरं ओरडायची. भूमितीच्या सिद्धता माझ्या डोक्यात शिरत नव्हत्या. त्या तिला पटकन कळायच्या. ती ओल्या टेबलावर बोटानं त्रिकोण काढायची आणि तो वाळायच्या आत मला समजायला हवा, असा तिचा हट्ट असायचा. हीच ती मुलगी, जिला दहावी झेपणार नव्हती.

"एवढ्या चपात्या लाटून घ्या, मग काय वाचायचं ते वाचा," असं तिच्या आईनं म्हटलं की आम्ही दोघी उठायचो. मला चपात्या गोल लाटता यायला लागल्या ते त्या वर्षी. इंग्रजीचे निबंध आम्ही लाटता लाटता पाठ केले.

सतरा नंबरवाल्यांना एक संपर्क शाळा दिलेली असते. प्रात्यक्षिक, तोंडी परीक्षा, सगळं तिथं. तिला मिळालेली शाळा चाकणच्या पलीकडे होती. ती दोनदा जाऊन विचारून आली. दोन्ही वेळा तिथले क्लार्क म्हणाले, "तारीख ठरली की कळवू. फोन नंबर आहे ना तुझा?"

फोन आला नाही. परीक्षा जवळ आल्यावर तिला राहवेना, म्हणून आम्ही दोघी शेअर रिक्षानं गेलो. क्लार्कनं कपाट उघडलं, कागद खालीवर केले.

"विज्ञानाचं प्रात्यक्षिक झालं की. गैरहजर लागलीये तू."

"मला कुणी सांगितलंच नाही," मैत्रीण म्हणाली. अगदी हळू.

"नोटीस बोर्डावर लावलं होतं."

माझा तोल गेला. "तिला शाळेत येऊ देत नाही तुम्ही, तर नोटीस बोर्ड बघणार कुठून? फोन करतो म्हणाला होता ना?"

"तू कोण?" त्यांनी विचारलं. "तू आहेस का आमची विद्यार्थिनी? मग आवाज खाली."

मी आवाज खाली केला नाही. शिपाई आला. शेवटी मैत्रिणीनंच माझा दंड धरून मला फाटकाबाहेर ओढलं. रस्त्यावर मी तिच्यावरच ओरडले, "तू का नाही भांडलीस? तुझं वर्ष आहे ना?"

"वरडून काय हुनार हाय?" ती म्हणाली. "बाकीचे पेपर तर द्यायचेत ना मला. आन् चल लवकर, चपात्या पडल्यात."

परीक्षा झाली. मी बासष्ट टक्क्यांनी पास झाले. तिचे सगळे विषय निघाले, भूमितीत तर माझ्यापेक्षा जास्त पडले. विज्ञान तेवढं राहिलं.

निकालानंतर शाळेच्या फाटकावर मोठा फ्लेक्स लागला. 'निकाल शंभर टक्के. यशाची परंपरा कायम.' खाली सगळ्यांचे चेहरे आणि शेवटून दुसऱ्या ओळीत मी. वडील त्याच्याखाली उभे राहून मोबाइलवर फोटो काढत होते. त्यांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता. "चल, सरांच्या पाया पड," म्हणाले.

मी आत गेले, पण वाकले नाही. मुख्याध्यापकांनी पेढा तोंडात टाकला आणि वडिलांना म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं, पोरगी हुशार आहे?"

"सर, तुम्ही मला दाखला देत होता," मी म्हटलं.

"अगं, तुला जिद्द यावी म्हणून तसं बोललो. आली की नाही?" ते हसले आणि वडीलही हसले. त्यांच्याबरोबर, मान हलवत.

"मग माझ्या मैत्रिणीलाही जिद्द यावी म्हणूनच काढलंत का?"

"कोण मैत्रीण?"

मी नाव सांगितलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांना खरंच आठवत नव्हतं. पाचवीपासून त्यांच्याच शाळेत होती ती. शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "ती नाही का, सतरा नंबरवाली." तेव्हा त्यांचा चेहरा मोकळा झाला. "हां, हां. पण तिचा आपल्या निकालाशी काही संबंध नाही."

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुमचा निकाल खोटा आहे, हे म्हटलेलं नक्की आठवतं, आणि माझा फोटो काढून टाका, हेही. वडिलांनी मला ओढतच बाहेर आणलं. घरी आल्यावर आईला म्हणाले, "माझी मान खाली घातली हिनं आज."

आई भाकरी थापत होती. ती थापता थापता म्हणाली, "त्या हापिसात तुमची मान वर कवा होती?"

वडील जेवायला बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला निघताना त्यांनी दारातून मला विचारलं, "ती पोरगी परत बसनार हाय का परीक्षेला?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग यंदा तारखेचं नीट बघा." बस्स, तेवढंच. माझा राग थोडा हलला, गेला नाही.

पुरवणी परीक्षेच्या वेळी आम्ही त्या संपर्क शाळेच्या इतक्या फेऱ्या मारल्या की क्लार्क आम्हाला लांबून बघूनच हात हलवायचे, अजून नाही म्हणून. एक दिवस त्यांनी वैतागून तारीख सांगितली. प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी फाटकाबाहेर बसून राहिले. ती विज्ञानात पास झाली, आणि बऱ्या मार्कांनी झाली. पण तोवर डिप्लोमाच्या हव्या त्या जागा भरून गेल्या होत्या. तिला यंत्रांचं शिकायचं होतं. घरासमोरच्या सगळ्या कंपन्यांत काय चालतं ते तिला आतून बघायचं होतं. तिनं आळंदीच्या कॉलेजात आर्ट्सला प्रवेश घेतला.

आता ती सकाळी कॉलेज करते आणि संध्याकाळची मेस तीच बघते. मी कॉमर्सला आहे. परवा तिच्याकडे जेवायला गेले होते, तेव्हा हा सगळा विषय मीच काढला. ती कुकरची शिट्टी काढत होती.

"तू आजून त्येच धरून बसलीस व्हय?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं.

ती हसली नाही. गॅस बारीक केला आणि माझ्यासमोर बसली. "बरंय," म्हणाली. "माझ्याच्यानं न्हाई हुत. तू धर."