कळवायचं कुणी?

दाजी गेल्याचं मला वसमतच्या बसस्टँडवर कळलं, तेही एका प्रवाशाकडून. हिंगोलीच्या गाडीतून उतरलेला, त्यांच्याच गल्लीतला एक ओळखीचा माणूस रसाच्या गाड्यापाशी भेटला आणि म्हणाला, "वाईट झालं बघा दाजींचं. तुमी दिसले न्हाई कुठं?" तोवर राख सावडूनही झाली होती. आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, वाटलं की तिच्या दिरांनी मला कळवलं असेल. दिरांना वाटलं, दाजींच्या जुन्या ऑफिसातले कळवतील. ऑफिसातल्यांना वाटलं, सख्खा मेहुणा आहे, त्याला घरच्यांनी कळवलंच असणार. अशा रीतीनं सगळ्यांनी मिळून मला कळवलं नाही. मला आधी हसू आलं, आणि खरं सांगायचं तर त्या हसण्याची लाजही वाटली नाही. माणिकदाजींच्या मरणाची बातमी अशीच यायला हवी होती. आता दीडेक महिना झालाय... गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. तसं बोलणारे तेराव्याला पुष्कळ होते, त्यांचं काम त्यांनी केलंय.

दाजी पाण्याच्या खात्यात कार्यालय अधीक्षक होते. नळाचं पाणी आमच्याकडे दोन खात्यांचं असतं. एक खातं टाकी बांधतं, पाइप पुरतं आणि निघून जातं. दुसरं खातं ते चालवतं, निदान तसं म्हणतं. दाजी या दुसऱ्या खात्यातले. परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, भाड्याच्या खोल्यांत नवी ऑफिसं बसली, आणि त्या धांदलीत या दोन खात्यांनी आपापसात योजना सोपवण्याचा करारनामा करायचं ठरलं. मसुदा अर्थातच दाजींनी लिहायचा, कारण सरकारी मराठीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यात त्यांनी एक कलम घातलं. पाइपलाइन ज्या खात्याच्या ताब्यात असेल, त्या खात्याने गळती, बिघाड व दूषित पाणी यांचा अहवाल वर पाठवावा. वाचायला किती साधं! पण ताबा कुणाचा, हे त्या करारात कुठंच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे जो अहवाल पाठवील, त्यानं लाइन आपल्या ताब्यात आहे असं कबूल केल्यासारखं. मग दुरुस्ती त्याची, चौकशी त्याची, आणि लोकांच्या शिव्याही त्याच्याच. दोन्ही खात्यांच्या साहेबांनी आनंदानं सह्या केल्या, कारण दोघांनाही आपणच सुटलो असं वाटलं.

त्या दिवशी दाजींनी घरी पेढे आणले होते. मी एस.टी.त कंडक्टर, त्या दिवशी ड्यूटी संपवून आक्काकडे टेकलो होतो. त्यांनी मला ते कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं. मी म्हणालो, "दाजी, आमच्याकडं घंटी मारल्याबिगर गाडी हालत न्हाई." त्यावर ते पोट धरून हसले. "आमच्याकडं घंटी मारणाऱ्यालाच गाडी ढकलावी लागती, शाहण्या. काम न करणारा कवाच सापडत न्हाई, कळवणारा सापडतो." आम्ही सगळे हसलो. आक्का हसली, त्यांची लेक संगीही हसली. पेढा चांगला होता.

दाजी सरळ वाईट असते तर मला हे लिहिणं सोपं गेलं असतं. पण माणूस लेकीवर जीव टाकायचा. संगीता ही त्यांची एकुलती एक. तिला सायकल शिकवताना ऑफिसच्या बुटांसकट मागे धावणारे दाजी मी पाहिलेत. शेजारच्या तालुक्यात, गोरेगावला तिला दिलं, तेव्हा वऱ्हाडाची जीप दिसेनाशी झाल्यावरही ते रस्त्यात उभेच होते, शेवटी मीच हाताला धरून मांडवात आणलं. पहिल्या बाळंतपणाला संगी माहेरी आली, तशी त्यांनी सायकलच्या कॅरिअरला पांढरी कॅन बांधली आणि रोज सकाळी गावाबाहेरच्या एका मळ्यातलं बोअरचं पाणी आणायला सुरुवात केली. आक्कानं विचारलं तर म्हणाले, "गरवार बाईला नळाचं पाणी जड जातं." झालं! गल्लीभर कौतुक. अधीक्षक असून लेकीसाठी पाणी वाहतो, बाप असावा तर असा. मी स्वतः गाडीत दोन-चार जणांना ही गोष्ट मोठ्या अभिमानानं सांगितली होती.

आमच्याकडे रीत अशी, की पहिलटकरीण माहेरी आली की गल्ली तिला आळीपाळीनं जेवायला बोलावते. कुणाकडे सांज्याच्या पोळ्या, कुणाकडे धपाटे न् दही. ताटाच्या आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो, आणि तो नाकारणं म्हणजे त्या घराचा अपमान. संगीला तर काय, सगळ्या गल्लीनं कडेवर खेळवलेलं. रोज कुणाचं ना कुणाचं बोलावणं. तेव्हा दाजी आक्काला म्हणाले, "तिला घरोघर धाडत जाऊ नको. नजर लागती." ऑफिसच्या दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्या शिपायाची वर्षभर टिंगल करणारा हा माणूस! आक्का हसायलाच लागली. "अवो, लोकं मायेनं बोलावून राहिले. तुमी कवापासून नजर मानाया लागले?" दाजींनी बुटाची नाडी बांधली आणि ऑफिसला गेले. पाणी खराब आहे, एवढंच म्हणायचं होतं. घरात, बायकोपाशी, चुलीपुढं. पण आक्का ते शेजारी सांगणार, शेजारी अर्ज करणार, अर्ज ऑफिसात येणार आणि त्यावर काहीतरी कळवावं लागणार... एवढा सगळा हिशेब त्यांनी नाडी बांधता बांधता केला असेल.

श्रावणात गल्लीत कावीळ आली. घरटी एक-दोघं पिवळे पडले, उसाचा रस पिऊन, पथ्य करून उठलेही. संगीला आठवा महिना होता, तीही पिवळी पडली आणि आम्ही तिला नांदेडला हलवलं. अशा दिवसांत ही कावीळ बाईच्या जिवावर उठते, हे नांदेडच्या डॉक्टरांनी आम्हाला नंतर सांगितलं. बाळ पोटातच गेलं आणि मागोमाग संगी गेली. लग्नात तिला बोहल्यावर मी नेलं होतं, ते मामाचंच काम. नांदेडहून गोरेगावला शेवटचं पोचवलंही मीच. गाडीत दाजी माझ्या शेजारी बसले होते. संबंध वाटेत त्यांनी तिचा हात सोडला नाही.

आठवडाभरानं शेजारच्या गयाबाई आक्काला भेटायला आल्या. म्हातारी भोळी, पोटात एक ओठात एक असं काही नाही. रडून झाल्यावर तिनं दाजींकडे बघितलं आणि विचारलं, "साहेब, तुमी तर लेकराला मळ्यातलं पानी पाजत व्हते. मंग तिला कशी झाली हो?" आणि स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. "माज्याच घरी जेवली माय, पोटभर पानी पेली... माज्याच पान्यात काई व्हतं का?" त्या बाईला आपल्याच हंड्याचा संशय आला. दाजी समोर बसले होते. त्यांनी म्हातारीचं एवढंही ओझं उतरवलं नाही. "नशीब," म्हणाले. मी आक्काकडे पाहिलं. ती गयाबाईंची पाठ थोपटत होती.

संध्याकाळी मी म्हणालो, "दाजी, चला, पाय मोकळे करू." ते मुकाट्यानं निघाले, आणि मी न विचारताच मला नाल्याच्या कडेला घेऊन गेले. तिथं व्हॉल्व्हचा उघडा खड्डा होता. काळं पाणी तुंबलेलं, आणि त्यात डुकरं बसलेली. पाइपातून बारीक बुडबुडे येत होते. पाणी सुटलं की पाइप बाहेर गळायचा, पाणी बंद झालं की तोच पाइप खड्ड्यातली घाण आत ओढून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी ती गल्लीच्या हंड्यांत पोचवायचा. हे कळायला कुणी इंजिनिअर लागत नाही.

"कवापासून?" मी विचारलं.

"उन्हाळ्यापासून गळून राहिलं."

"मग कळवलं काहून न्हाई?"

दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की एवढं साधं मला कसं समजत नाही. "कळवलं असतं तर ते आमचं झालं असतं," ते म्हणाले.

त्या माणसाला मी त्या डुकरांत ढकलून दिलं असतं. आक्काच्या कुंकवाकडे बघून सोडलं. एवढंच म्हणालो, की हे तुमच्या तोंडानं आक्काला सांगा. मी सांगणार नाही, तुम्ही सांगायचं. "सांगतो," ते म्हणाले. "जरा सावरू दे तिला."

मग वरून पत्र आलं. काविळीबद्दल दोन्ही खात्यांनी अहवाल द्यावा. बांधणाऱ्या खात्यानं लगेच हात झटकले, लाइन आमच्या ताब्यात नाही. इकडून उत्तर लिहायचं तर ते दाजींशिवाय कुणाला जमणार? त्यांचे साहेब घरी आले, दुखवट्याचा चहा घेतला आणि फाइल ठेवून गेले. मला वाटलं, दाजी ती फाइल भिरकावून देतील. त्यांनी चष्मा पुसला. मसुदा मोठ्यानं वाचून बघायची त्यांची जुनी सवय, तसा तो दुसऱ्या दिवशी ओसरीवर बसून वाचला. आक्का उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. ताबा कसा सिद्ध होत नाही, सबब अहवाल पाठविण्याचा प्रश्न कसा उद्भवत नाही, हे सगळं होतंच. शेवटी होतं, "सदर महिला विवाहित असून तिचे कायम वास्तव्य अन्य तालुक्यात आहे, मृत्यू अन्य जिल्ह्यात झाला आहे, सबब या कार्यालयाच्या हद्दीतील मृत्यू निरंक." वाचून ते थांबले, 'सदर महिला' खोडून 'उपरोक्त महिला' केलं, आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"निरंक म्हंजे काय रे?" आक्कानं मला विचारलं.

"काही न्हाई, असं."

"काईच न्हाई?"

तिचा हात सुपात तसाच राहिला. मग ती पुन्हा खडे वेचायला लागली. दाजींच्या त्या उत्तरावर पुढे काहीच झालं नाही, म्हणून ऑफिसात त्यांची फार वाहवा झाली. खड्डा गल्लीतल्या पोरांनीच एका दुपारी सिमेंट कालवून बुजवला. पाइप कुणाच्या ताब्यात आहे, ते माझ्या माहितीप्रमाणे अजून ठरायचंय.

त्यानंतर दाजी पुष्कळ वर्षं जगले. निवृत्त झाले, दात पडले, सायकल तीच राहिली. रोज सकाळी कॅन बांधून मळ्यात जायचं आणि पाणी आणायचं, हे मात्र त्यांनी एक दिवसही मोडलं नाही. मी हिंगोलीला गेलो की नजरेनंच विचारायचो, सांगितलं का? ते मान फिरवायचे. आक्काला काही माहीत नाही, म्हातारपणी तेवढी तरी तिला शांती आहे, असं मी धरून चाललो होतो.

परवा गेलो तेव्हा ती अंगणात नळाखाली तांब्या भरत होती. मला पाणी दिलं, स्वतः प्याली. कोपऱ्यात ती पांढरी कॅन झाकण लावून ठेवलेली, काठोकाठ भरलेली. दाजी गेले त्या सकाळी आणलेली. झाकण उघडून पाहिलं, तर पाण्यावर हिरवट शेवाळ धरलं होतं. मी म्हणालो, "दाजींनी एवढं वाहून आणलं, तू नळाचंच पितेस?"

"संगी गेली तवापासून नळाचंच पिते," आक्का म्हणाली. "त्येंनी आणलेलं मी झाडाला घालायचे. रोज त्येंच्याम्होरं तांब्या भरायचे न् त्येंच्या डोळ्यात बघून प्यायचे. पयले तर खड्डा बी तसाच व्हता. म्हनलं, आता तरी म्हनतील, पिऊ नको. काहून पिऊ नको, ते बी सांगतील." तिनं तांब्या उपडा ठेवला. "नुसते बघायचे रे. जन्मभर बघितलं."

मी उठलो, कॅन उचलली आणि विचारलं, "ओतून देऊ का?"

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ज्येनं आणलं, त्येनंच वतावं."