पिवळं झालेलं हिरवं कवा होते?

आता हे कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला? पण चहा समोर आहे, तुम्ही घरचेच आहात आणि फजिती माझीच आहे. ऐका तर.

मी अमरावतीचा. प्रोग्रामिंग मला कुणी शिकवलं नाही. चाळिशीनंतर वाचत, चुकत, पुन्हा चुकत स्वतःच शिकलो आणि संत्र्याच्या बागेसाठी एक ॲप केलं. आंबिया बहरासाठी, हिवाळा सरताना येणाऱ्या फुलांसाठी, झाडाला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. झाड पुरतं तहानलं की नेमक्या दिवशी पाणी सोडायचं, मग फुलं लागतात. घाई केली तर ताण कच्चा राहतो आणि फुलाऐवजी नुसती पालवी फुटते. तो नेमका दिवस ॲप सांगतं. ॲप ओपन सोर्स आहे. आतला मजकूर सगळ्यांना उघडा, कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा.

सुधारणारे वाढले तशी माझी झोप उडाली. एखाद्याच्या सुधारणेनं ॲपच बिघडलं तर? म्हणून मी कंटिन्युअस इंटिग्रेशन बसवलं. नाव मोठं, काम साधं. कुणी बदल पाठवला की संगणक आपोआप त्याच्या चाचण्या घेतो. चाचणी चालू असेपर्यंत पिवळा ठिपका, नापास झाला तर लाल फुली, पास झाला तर हिरवी खूण. मग कुणीतरी 'मर्ज' बटण दाबायचं, की बदल थेट लोकांच्या मोबाईलवर.

नियमही केला. ज्यानं बदल लिहिला त्यानं मर्ज करायचं नाही, दुसऱ्यानं करायचं. तो दुसरा माणूस म्हणजे शेंदूरजनाघाटची माझी मावसबहीण नलू. स्वतः बाग करते. यंदा पाणी ॲप सांगेल त्याच दिवशी सोडणार, असं तिनं सासऱ्यांना ठणकावून सांगितलं होतं.

सासरे म्हणाले, "मोबाईलच्या भरवशावर बहर घेतं काय वं? गेला बहर तं मले सांगू नको!"

म्हणजे बघा, वर्षाचं पीक आणि नलूचा घरातला शब्द, दोन्ही माझ्या ॲपवर टांगलेलं.

मी तिला सूचना लिहून दिल्या. इंटरनेट गेलं तर काय, पासवर्ड विसरला तर काय, बटण दोनदा दाबलं गेलं तर काय, सगळं! रंगांचं तेवढं लिहिलं नाही. रंगांचं काय समजवायचं? फोनवर म्हणालो, "रंग पाहून दाबजो, घाई करू नको."

"रंगाचं मले शिकवतं काय, भाऊ?"

खरंच होतं. काम सुरळीत चाललं. एक बदल तर तिनं आठवडाभर अडवून धरला. मी बायकोला म्हणालो, "पाहा, नलू किती विचार करते!"

मग एक दिवस मी स्वतःच एक बदल पाठवला आणि निवांत जेवायला बसलो. तेवढ्यात फोन.

"भाऊ, ॲप म्हणते आजच पाणी सोडा."

"आज? तुयी तं भारी जमीन हाये, पाणी धरून ठेवते. इतक्यात कसा ताण होईन?"

"मले काय पुसतं? ॲप तुयं हाये."

उष्ट्या हातानं संगणक उघडला. माझ्या बदलापुढे ही एवढी लाल फुली! हलकी जमीन आणि भारी जमीन यांचे आकडे मी एकमेकांच्या जागी लिहिले होते. संगणकानं चूक बरोब्बर पकडली होती. आणि तरी खाली लिहिलेलं होतं, मर्ज केले: नलू.

"नले, लाल फुली हाये! मर्ज काहून केलं?"

"म्यां केलं तवा लाल नोती. मस्त पिवळं झालं होतं."

"पिवळं म्हणजे चाचणी चालू! हिरवं होईपर्यंत थांबाचं असते!"

"पिवळं झालेलं हिरवं कवा होते रे, भाऊ?"

मी जुन्या बदलांची यादी उघडली.

"अन् मागं एक हिरवं दिसलं," ती म्हणाली, "तं पिकन म्हणून म्यां आठवडाभर वाट पायली. शेवटी कटाळून दाबलं."

हाच तो तिचा विचार! जिचा जन्म हिरव्याचं पिवळं होण्याची वाट पाहण्यात गेला, तिच्या हाती मी उलटे रंग दिले होते. आणि 'हे काय सांगायचं, सगळ्या जगाला ठाऊक असतं' असं धरून बसलो होतो. आपलं ते 'सगळं जग' पुष्कळदा आपल्या टेबलाएवढंच असतं, हे मला त्या दिवशी कळलं. पण तेव्हा चिंतनाला वेळ कुठे होता?

"मोटर? मोटर चालू केली काय?"

"केली नं."

मी उठून चपला शोधू लागलो.

"पण लाईनच नाई सकाळपासून."

हुश्श! वीजच नव्हती. पण थांबा. "नले, मोटर ऑटोवर तं नाई?"

"ऑटोवरच हाये. लाईन आली का आपोआप..."

"पळ!"

नलू पळाली. फोन हातातच. मला ऐकू येत होती तिची धाप, चपलांची फटफट, मागे लागलेलं कुत्रं. मग खट्कन आवाज.

"ऑटो काढलं बापा," ती म्हणाली. आणि लगेच, "भाऊ, लाईन आली!"

जे माझ्या सतत चालणाऱ्या चाचणीनं साधलं नाही, ते न चालणाऱ्या लाईनीनं साधलं!

मग मी आकडे जागेवर लावले आणि मर्जचं बटण असं बांधलं की पास झाल्याशिवाय ते दाबलंच जाऊ नये. हे आधीच करायला हवं होतं ना? हो, पण आधी मी सूचना लिहीत होतो! पुढे योग्य दिवशी पाणी सुटलं आणि बाग फुलांनी पांढरी झाली. सासरे म्हणाले, "लाईनीची कृपा." नलूनं मोठ्या मनानं माझं नाव मध्ये आणलं नाही.

त्यानंतर ती अमरावतीला घरी आली. संत्र्याच्या गावच्या माणसापुढे साधं फळ कसं ठेवायचं? मी स्वतः बाजारात गेलो, निवडून निवडून संत्री आणली, सोलून बशीत मांडली. तिनं एक फोड तोंडात टाकली. एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला. तिनं बशीशेजारचं साल उचलून उलटंसुलटं पाहिलं आणि माझ्याकडे वळली.

"हिरवं पाहून मर्ज केलं वाटते, भाऊ!"